बिननावाच्या चोवीस वाट्या

माझ्या मामेसासऱ्यांनी सत्तर वर्षांत एकाही कुलपावर विश्वास ठेवलेला नाही. हे विधान मी तपासून लिहितो आहे. खारबावला त्यांच्या घराच्या पुढच्या दाराला तीन कुलपं आहेत, तीन वेगवेगळ्या गावांतल्या दुकानांतून आणलेली. नवं कुलूप आणलं की आधी घरातली प्रत्येक किल्ली त्यात फिरवून पाहायची आणि एखादी चुकून चालली तर कुलूप दुकानदाराला परत करायचं, हा त्यांचा नियम. तिन्ही कुलपं लावून ते स्टेशनपर्यंत चालत जातात, तिथून परत येतात, तिन्ही ओढून पाहतात आणि मग खरोखर गावाला निघतात. गावात हे सर्वांना इतकं ठाऊक आहे की त्यांच्या पहिल्या आणि दुसऱ्या जाण्यामध्ये चोराला किती वेळ मिळेल, हेही लोक सांगू शकतात. वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेले की एक चप्पल देवळाच्या पायरीशी आणि दुसरी फुलवालीच्या टोपलीमागे ठेवतात. एका पायाची चप्पल कोणी चोरत नाही, असं त्यांचं म्हणणं. किल्ल्यांचा जुडगा मात्र गळ्यात घालूनच कुंडात उतरतात. एकदा किल्ल्या तापून छातीवर लाल ठसा उठला. आम्ही हळहळलो, तर म्हणाले, "बरं झालं. जागेवर होत्या हे कळलं."

अशा संशयी माणसाने माझ्यावर विश्वास का ठेवला, याचं कारण त्यांनीच एकदा सांगितलं. मी भिवंडीत राहतो आणि वर्तमानपत्राच्या संपादकीय विभागात काम करतो. "पेपरवाला खोटं बोलला तर दुसऱ्या दिवशी चूक झाली म्हणून छापतो. बाकी कोन छापतो?" हा माझ्या व्यवसायाचा मी ऐकलेला सर्वांत मोठा गौरव आहे. त्यामुळे एका सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. परदेशातल्या एका एक्स्चेंजमधून लोकांची आभासी नाणी चोरीला गेल्याची बातमी आमच्या अंकात होती. "जावई, बातमी तुमी छापली. आता तुमीच निस्तरा." त्यांचे बिटकॉइन तसल्याच एका ॲपवर पडून होते. मामांकडे बिटकॉइन असतील, हे त्या सकाळपर्यंत घरात कोणालाही माहीत नव्हतं.

ते कोणासाठी होते, हे त्यांनी मला ओट्यावर बसवून, आधी दोन्ही बाजूंना पाहून, हळू आवाजात सांगितलं. कशेळीकडची त्यांची वडिलोपार्जित जमीन काही वर्षांपूर्वी गोदामांसाठी गेली. आमच्याकडे अशा व्यवहारात बहिणींकडून हक्कसोड लिहून घेतात. मामांनीही थोरल्या बहिणीचा अंगठा घेतला. ती माझ्या बायकोची मावशी. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहते, आणि सगळ्या खाडीपट्टीत नावाजलेली धवलारीण आहे. म्हणजे लग्नाच्या विधींत धवले गाणारी, जिच्या गाण्याशिवाय आगरी लग्न लागत नाही ती बाई. तिला लिहिता-वाचता येत नाही. धवले मात्र असंख्य येतात. अंगठा देताना तिने कागदात काय आहे हेही विचारलं नाही. "तेच मना लागलं," मामा म्हणाले. "तिनं इचारलं असतं तर बरं झालं असतं." म्हणून तिचा वाटा त्यांनी बाजूला काढला आणि मुलांना वाचता येईल असं कुठलंही पासबुक नको, म्हणून एका गोदामवाल्या भाडेकरूच्या सांगण्यावरून बिटकॉइनमध्ये घातला. तिला मात्र सांगितलं नव्हतं. सांगितलं तर ती दुसऱ्या दिवशी कुणालाही देऊन टाकील, असं त्यांचं मत होतं.

मी त्यांना हार्डवेअर वॉलेट घ्यायला सांगितलं. बोटाएवढं यंत्र असतं. नाणी त्यात नसतात, नाण्यांची किल्ली असते, आणि ती इंटरनेटपासून दूर राहते. किल्ली हा शब्द ऐकल्यावर मामांनी बाकीचं ऐकलं नाही. यंत्र थेट बनवणाऱ्या कंपनीकडूनच मागवायचं, ओळखीच्या दुकानातून किंवा कुणी वापरलेलं घ्यायचं नाही, असं मी म्हणालो. पहिलं पार्सल त्यांनी दारातूनच परत पाठवलं, कारण चिकटपट्टी दोनदा चिकटवल्यासारखी वाटत होती. दुसरं घेतलं, पण उघडण्याआधी दोन दिवस समोर ठेवून पाहिलं. आतल्या कार्डावर शब्द आधीच लिहून आलेले असतील तर तो सापळा समजा, असं मी बजावलं होतं. मामांनी भिंगातून कार्डाच्या दोन्ही बाजू तपासल्या. कार्ड कोरं निघालं. मला वाटतं, त्यांची थोडी निराशा झाली.

यंत्र सुरू करण्याचा दिवस मला अजून तपशिलात आठवतो. दुपार होती. त्यांनी खिडक्या लावल्या, टीव्हीवर गोधडी टाकली, आणि माझा मोबाईल धरून घरातले सगळे मोबाईल तांदळाच्या डब्यात पुरले. शब्दांचा फोटो काढायचा नाही, ते मोबाईलमध्ये लिहायचे नाहीत, कुणीही विचारलं तरी सांगायचे नाहीत, मलासुद्धा नाही, हे मी सांगितलं आणि खोलीबाहेर गेलो. आतून मामांचा एकेक इंग्रजी शब्द जुळवण्याचा पुटपुटता आवाज येत होता. ते सातवीपर्यंत शिकलेले. अक्षरं सुटी सुटी वाचत. यंत्राने दाखवलेले चोवीस शब्द क्रमाने लिहून घ्यायचे होते. यंत्र हरवलं, जळलं, बिघडलं तरी ते चोवीस शब्द त्याच क्रमाने दुसऱ्या यंत्रात घातले की किल्ली परत तयार होते. आणि शब्द गेले, यंत्रही गेलं, तर जगातलं कुठलंही ऑफिस दाद घेत नाही. मी हे वाक्य दोनदा सांगितलं होतं. मामा म्हणाले, "म्हंजे वर सायेब न्हाय. बेस्ट."

तेवढ्यात डब्यात माझा फोन वाजू लागला. मावशी चुलीपाशी बसली होती. तिने मान न वळवता आवाज दिला, "बाला, तुजं तांदूल वाजतंय." सत्तर वर्षांच्या माणसाला ती अजून बाला म्हणते. मामांनी आतून ओरडून विचारलं, "कोन हाय?" "मी काय तांदलाला इचारू?"

खरं सांगायचं तर असा ग्राहक मी पुन्हा पाहिलेला नाही. नाणी ठेवण्याआधी यंत्र पुसून शब्दांवरून पुन्हा उभं करून बघा, असं मी सांगितलं, तर त्यांनी ते दोनदा केलं. आधी थोडीशी नाणी पाठवून पाहिली, ती आली याची खात्री करायला रात्रभर थांबले, मगच उरलेली पाठवली. मोबाईलच्या पडद्यावर दिसणारा पत्ता यंत्राच्या पडद्यावरच्या पत्त्याशी अक्षर न् अक्षर जुळवा म्हटलं, तर त्यांनी तो तीनदा जुळवला. तिसऱ्यांदा शेवटाकडून सुरुवातीकडे. माझ्या सांगण्यातल्या दोनच गोष्टी त्यांनी ऐकल्या नाहीत. एक, पिन एकदा ठरवल्यावर पुन्हा पुन्हा बदलू नका. ते दर अमावास्येला बदलत. दोन, शब्दांच्या दोन प्रती करून दोन जागी ठेवा. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: "एक वस्तू सांभाळायला एक संशय पुरतो. दोन सांभाळायला दोन लागतात. वय झालं आता."

कागदावर त्यांचा भरवसा नव्हताच. त्याला वाळवी लागते, खाडीचं पाणी लागतं, आणि सुना तो वाचतात. लोखंडाच्या पट्टीवर शब्द ठोकून घेणारे लोक असतात, असं मी बोलून गेलो होतो. मामांनी त्यावर स्वतःची योजना केली. त्यांनी एकसारख्या चोवीस स्टीलच्या वाट्या घेतल्या. आपल्याकडे भांड्यांच्या दुकानात वस्तूवर नाव घालून देतात. मामा एका दुकानात चारच वाट्या न्यायचे, पुढच्या चार दुसऱ्या गावात. भिवंडी, वज्रेश्वरी, कल्याण, अशी सहा दुकानं झाली. कुठल्याच कारागिराला चारपेक्षा जास्त शब्द कळू नयेत, हा हिशोब. वाटीच्या कडेला शब्द, आणि क्रम कळावा म्हणून बुडाला खिळ्याने ठोकलेले ठिपके, पहिल्या वाटीला एक, चोविसाव्या वाटीला चोवीस. ठिपके त्यांनी स्वतः घरी ठोकले. भिवंडीतल्या दुकानदाराने मशीन हातात घेऊन विचारलं होतं, "चाचा, ये 'मँगो' किसका नाम है?" मामा म्हणाले, "पोती का." "और ये 'कॅमल'?" "वो दूसरी पोती." वाट्या तयार झाल्यावर त्यांनी कागद जाळला आणि राख खाडीत सोडली. ते मला महिन्याभराने कळलं.

त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी मामा आतल्या कपाटातून वाट्या काढत, पुसत, ओळीने मांडत आणि पहिलीपासून चोविसावीपर्यंत वाचत. एकही कमी नाही अशी खात्री झाली की परत कपाटात, आणि कपाटाला कुलूप. किल्ली गळ्यात. फक्त या कपाटाच्या किल्लीला त्यांनी घरात दुसरी जोड ठेवली होती, आणि ती बहिणीकडे. त्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "ती कुठं काय उघडते?"

ती सकाळ मात्र मला हसून सांगता येत नाही. अमावास्या होऊन चार दिवस झाले होते. मामांनी सहज म्हणून यंत्र लावलं आणि पिन घातला. चुकला. त्याआधीच्या महिन्याचा घातला. तोही चुकला. यंत्र तीन चुकांवर स्वतःला पुसून टाकतं, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. त्यांनी मला फोन केला. थांबा, मी येतो, घाई करू नका, एवढं मी म्हणालो. मी पोचेपर्यंत त्यांनी तिसरा घातला होता. पडद्यावर यंत्राचा नवीन यंत्रासारखा स्वागताचा संदेश होता. मामा शांत होते. "वाट्या हायेत," म्हणाले आणि कपाट उघडलं. खालचा कप्पा रिकामा होता.

मी अपघातांच्या, आगींच्या, बुडालेल्या बोटींच्या बातम्या लिहिल्या आहेत. माणसाचा चेहरा इतक्या थोड्या वेळात बदलताना मी तोवर पाहिला नव्हता. ते ओरडले नाहीत. कप्प्यात हात घालून मागच्या फळीपर्यंत चाचपडले, जसं काही वाट्या दिसेनाशा झाल्या असतील. मग बसक्या आवाजात बहिणीला हाक मारली, "बाय."

मावशी बाहेर जवळा निवडत होती. तिने सरळ सांगितलं. आदल्या दिवशी तिसऱ्या गल्लीत हळद होती. केटररने ताटं बरोबर आणली, वाट्या कमी आणल्या. म्हाताऱ्या माणसांना रस्सा कशात वाढायचा म्हणून बायका घरोघरी मागत आल्या. "आपल्या घरी चोवीस नव्या वाट्या कुलपात. देवाला पुजायच्या का त्या? दिल्या मी."

"दिल्यास?"

"परत येतीन ना. गावातून भांडं कवा गेलंय का?"

ते खरं होतं. गावातून भांडं कधी जात नाही, कारण प्रत्येक भांड्यावर घराचं नाव घातलेलं असतं. हळदीला, साखरपुड्याला, बाराव्याला सगळ्या घरांची भांडी एकत्र होतात, दुसऱ्या दिवशी एकत्र घासली जातात आणि नाव वाचून आपापल्या घरी पोचतात. गावातली सर्वांत जुनी सुरक्षा व्यवस्था म्हणजे ते नाव. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा चोवीस भांड्यांवर घराचं नाव न घालता दुसरं काहीतरी घातलं होतं. त्या वाट्या कुणाच्या, हे गावात कोणालाही सांगता येणार नव्हतं. त्यांनी केलेल्या बंदोबस्ताने चोर दूर राहिले होते, आणि घराकडे परतायची वाटही बंद झाली होती.

आम्ही तिसऱ्या गल्लीत पोचलो तेव्हा मांडवामागे भांडी घासणं चालू होतं. दहा-बारा बायका, तीन मोठी घमेली आणि चारशेच्या आसपास वाट्या. काही घरांची भांडी आधीच गेली होती. मामांना ओरडता येत नव्हतं, कारण ओरडून काय सांगायचं, हा प्रश्न होता. त्यांनी फक्त "इंग्रजी नावाच्या वाट्या" असं म्हटलं. एका बाईने घमेल्यातून एक उचलून पदराने पुसली.

"ही घ्या. 'रिव्हर'. कुनाची सून ही?"

"आमच्याकं एक 'मँगो' हाय," दुसरी म्हणाली. "कल्यानची दिसतेय."

"मामा, 'कॅमल' तुमच्या घरात कवा आली? लग्नाला बोलवलं न्हाय!"

हशा पिकला. मामा हसले नाहीत. वाटी हातात आली की आधी बूड उलटं करून ठिपके मोजायचे, मग वाटी उपरण्यात ठेवायचे. मी शेजारी उभा राहून यादी करत होतो, शब्द न लिहिता, फक्त क्रमांक. सात. बावीस. तीन. सोळा. एका वाटीत उरलेल्या रश्श्यावर मुंग्या लागल्या होत्या. एक वाटी कोंबडीला पाणी ठेवायला गेली होती, ती परसातून आणली. उन्हाचा चटका वाढत होता आणि मांडववाले बांबू सोडायला लागले होते. दोन तासांनी उपरण्यात बावीस वाट्या होत्या. अकरावी आणि एकोणिसावी नव्हती. हळदीला कशेळीचे पाहुणे आले होते, त्यांना डबे बांधून दिले होते, एखाद्या डब्यात वाटीही गेली असेल, असं कुणीतरी म्हणालं. फोन झाले. एक डबा तिथे पोचला होता, त्यात वाटी नव्हती. दुसऱ्या गाडीतली माणसं फोन उचलत नव्हती.

एक शब्द हरवला तर शक्यता पडताळत बसता येतं, दोन हरवले तर ते काम हाताने जवळजवळ अशक्य होतं आणि त्यासाठी उरलेले शब्द कुठल्यातरी संगणकात घालावे लागतात, जे कधीच करू नये. हे मी मामांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. ते घरी आले, ओटीवर बावीस वाट्या ओळीने मांडल्या आणि दोन जागा रिकाम्या सोडल्या. मग शनिवार नसतानाही पहिलीपासून वाचायला लागले. मला वाटतं, दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. दहाव्या वाटीपर्यंत आवाज नीट होता. तिथे ते थांबले.

"लॅडर," मावशी म्हणाली.

ती उंबऱ्यापाशी बसून अजून जवळाच निवडत होती. मान खाली होती. मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग बाराव्या वाटीपासून पुढे वाचत गेले, हळूहळू, प्रत्येक शब्दाला थांबत. अठरावी वाटी झाली. ते थांबले. 

"सॉल्ट," मावशी म्हणाली. "त्याच्या म्होरं अंब्रेला. वाच ना."

 मामांनी विचारलं, "तुना कसं म्हायती?"

"शनवारी शनवारी वाट्या काढून बोंबलतोस, भिंतीपल्याड मी बसलेली असते. मना रातभर धवले पुरतात, हे चोवीस काय जड? चाल चांगली होती. मधी जरा अडकते, पन चांगली."

मी मामांना म्हणालो, आता सांगा. त्यांनी सांगितलं. कशेळीची जमीन, अंगठा, वाटा, यंत्र, सगळं, वाट्यांकडे पाहत. मावशीने ऐकून घेतलं. जवळ्यातला एक खेकडा बाजूला टाकला.

"म्हंजे ह्या वाट्या माज्या?"

"तुज्याच."

"मग माज्या वाट्या मी दिल्या तर तुजा चेहरा कनाला उतरला?"

मामांनी पहिली वाटी उचलून तिच्यापुढे ठेवली. 

दोन्ही शब्द बरोबर होते. यंत्राने किल्ली परत उभी केली, आणि त्याच दुपारी आम्ही ती टाकूनही दिली. चारशे वाट्यांच्या घमेल्यात फिरून आलेले शब्द गुप्त राहिले, असं मानता येत नाही. नव्या चोवीस शब्दांचं नवीन खातं केलं, आधी थोडं पाठवून पाहिलं, पत्ते तीनदा जुळवले आणि सगळी नाणी तिकडे हलवली. नवे शब्द कागदावर दोनदा लिहिले गेले. एक पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये. दुसरं, लाखेने बंद केलेलं, मावशीच्या पेटीत, तिच्या साड्यांखाली, आणि त्या पेटीला कुलूप नाही. मामांनी ते मान्य केलं. पिन अजून ते दर अमावास्येला बदलतात; आता तो बहिणीलाही सांगतात, कारण तिच्या लक्षात राहतो.

जुने शब्द आता कुणाच्याही कामाचे नाहीत. त्यांच्यामागे एक नाणंही नाही. मावशीला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग गायला हरकत न्हाय." गेल्या वैशाखातल्या एका हळदीत तिने ते गायले. मांडवात दिव्याशी बसून, नेहमीच्या धवल्यांच्या शेवटी, त्याच लयीत: रिव्हर, मँगो, कॅमल. बायकांना वाटलं, नवरदेवाच्या ऑफिसातलं काही असावं. मामा मागच्या खुर्चीवर होते, एक चप्पल पायाशी, दुसरी कुठेतरी दुसरीकडे. डोळे मिटलेले होते. मांडीवर अंगठा एकेका पेरावरून पुढे सरकत होता. अकराव्या शब्दाला तो जरा थांबला, ती 'लॅडर' गाते का ते मामांनी ऐकलं, आणि तो पुढे गेला.